सापगावचा एकमेव सिग्नल

मुंबईच्या एका भर चौकात, सिग्नलच्या पुढ्यात, बाळारामदादा रस्त्यावर पालथा पडला होता आणि डांबराला नाक लावून काहीतरी हुंगत होता. मागे त्याची काळी-पिवळी जीप, जीपमध्ये आम्ही चौदा वऱ्हाडी. मुहूर्त बाराचा आणि घड्याळात सव्वाअकरा. सिग्नल हिरवा झाला, लाल झाला, पुन्हा हिरवा झाला, पण दादा काही उठेना. मागच्या गाड्यांच्या रांगेचं शेपूट बहुतेक भिवंडीच्या खाडीत बुडालं असावं, इतके हॉर्न वाजत होते. नवऱ्याचा मामा म्हणाला, "ह्याला फीट आली. कांदा कोणाकडं हाय?"

मी निवांत बसून होतो. दादा काय शोधतोय हे त्या चौदा जणांत मला एकट्याला ठाऊक होतं.

बाळारामदादा म्हणजे सापगावातला माझा शेजारी. त्याची जीप शहापूर-मुरबाड रस्त्यावर चालायची आणि मी मुरबाडच्या शाळेत मास्तर, तेव्हा रोजची गाठ. जीप कागदोपत्री नऊ माणसांची. दादा तीत अठ्ठावीस बसवायचा आणि वर म्हणायचा, "सरका जरा, पुढं एक म्हातारी उभी हाय." तो स्वतः गाडी चालवायचा तेव्हा त्याचा फक्त डावा पाय आणि मिशी जीपच्या आत असे.

एक प्रश्न त्याच्या तोंडी कायम बसलेला असायचा. "पण त्याला कळतं कसं, मास्तर?" आंब्याला पिकायचं कळतं कसं, मांजराला माशाचं कालवण कळतं कसं, म्हसा गावच्या जत्रेत विकलेला बैल दोन डोंगर ओलांडून घरी परत येतो, त्याला कळतं कसं. आठवड्याच्या आठवडे तो एकेका प्रश्नावर काढी. मग एकदा मुंबईची भाड्याची वर्दी करून आला आणि बाकीचे सगळे प्रश्न त्याने भंगारात टाकले.

"मास्तर, लाल होता. मी उभा ऱ्हायलो आन् गपकन हिरवा. माणूस नाय, काय नाय. मी आलोय, हे त्या खांबाला कळलं कसं?"

हा प्रश्न मात्र त्याच्या घरातून निघाला होता.

सखूवहिनींना ऐकू येत नव्हतं. लग्नानंतर पाच-सहा वर्षांत कान हळूहळू गेले. समोर उभं राहून बोललं की ओठांवरून सगळं समजे, पण पाठीमागे तोफ उडाली तरी पत्ता नाही. वानरांच्या धाडीमुळे आमच्याकडे दारं लावूनच घ्यावी लागतात. एकदा दिवसाउजेडी, पाचच्या सुमाराला, दादा शेवटची फेरी टाकून आला, दाराला आतून कडी. त्याने हॉर्न दिला. दादाचा हॉर्न असा की सिद्धगडावरची पाखरं उठून दुसऱ्या तालुक्यात जायची. अर्धा तास तो वाजवत होता. अख्खं गाव अंगणात जमलं. शेवटी एक जण कौलं काढून आत उतरला. वहिनी पाट्यावर मसाला वाटत बसलेल्या. समोर आढ्यावरून माणूस टपकलेला बघून त्यांनी वरवंटा उचलला, तो त्याच्या पायावर बसला. लोक पोट धरून हसले. वहिनीही हसल्या. मग आत गेल्या आणि दोन दिवस विहिरीवर दिसल्या नाहीत.

तिसऱ्या दिवसापासून त्या तीन वाजताच हातातलं काम टाकून खिडकीशी येऊन बसू लागल्या. नजर रस्त्याच्या वळणावर. जीप दिसली की उठून कडी काढायच्या. दादाला ते बघवेना. "दोन-दोन तास खिडकीत, मास्तर. ती काय फाटकावरचा गेटमन हाय? मी यायचो म्हणून तिनं जीव टांगून बसायचा?"

तेव्हा खांबाला कळतं ते आपल्या स्वयंपाकघराला का कळू नये, हा खरा सवाल होता. शहापूर आणि मुरबाड, दोन्ही तालुके पालथे घातले तरी तेव्हा सिग्नल नावाला नव्हता. त्यामुळे स्टँडवरचा प्रत्येक ड्रायव्हर सिग्नलच्या बाबतीत पंडित होता.

पहिला म्हणाला, "डिपर मारायचा. वरच्या काचेला डोळा असतो, उजेड बघितला का तो हिरवा होतो." दादाने लगेच अंगणातल्या शेवग्याला एक आरसा टांगला. जीपचा दिवा आरशावर, आरशातून उजेड चुलीसमोरच्या भिंतीवर. भरदिवसा जीपचा दिवा काय दिसणार? पण साडेचारला सूर्य नेमका त्या आरशात उतरायचा. आठ दिवस वहिनी रोज साडेचारला तांब्या घेऊन बाहेर यायच्या आणि सूर्याला पाणी दाखवून परत जायच्या. गावात बोलवा झाली की बाईने काहीतरी व्रत धरलंय.

दुसरा म्हणाला, "वजन, दादा. खाली काटा असतो. म्हणून तर मोटरसायकलला हिरवा मिळत नाय." दादाने अंगणात फळी पुरली, फळीखाली स्प्रिंगचं बटण, बटणाची तार थेट स्वयंपाकघरातल्या दिव्याला. जीप आली की दिवा पेटे, हे खरं. पण म्हैस आली तरी पेटे, आणि सापगावात जीप एक, म्हशी दोनशे. पहिल्या दिवशी वहिनी सात वेळा धावत बाहेर आल्या. सातव्या खेपेला त्यांनी तांब्या म्हशीपुढेच ठेवला. ती म्हैस पुढे रोज येऊन फळीवर उभी राहायची, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

तिसऱ्याचं म्हणणं, लाल दिव्यात कॅमेरा असतो आणि मुंबईत बसलेला साहेब तोंड बघून सोडतो. त्यानंतर दादा प्रत्येक सिग्नलला भांग पाडून बसू लागला.

शेवटी त्याने एका हवालदारालाच गाठलं. हवालदार उन्हाने वैतागलेला. "अहो, आत घड्याळ आहे. इतके सेकंद लाल, इतके हिरवा. तुम्ही आलात काय, नाही आलात काय, त्याला कशाचं काही नाही."

दादाचा चेहरा असा पडला की हवालदारालाच वाईट वाटलं. तो म्हणाला, "सगळीकडे घड्याळच आहे. पण पलीकडच्या मोठ्या चौकात म्हणे रस्त्यातच काहीतरी पुरलंय. तिथे गाडी असली तर कळतं." आणि त्याच मोठ्या चौकात, त्या लग्नाच्या दिवशी, आमचं वऱ्हाड थांबलं होतं.

दादा उठला तेव्हा त्याच्या कपाळाला डांबर आणि डोळ्यांत पाणी. "खाच हाय, मास्तर. चौकोनी. रस्ता करवतीनं कापलाय आन् वरून काळं भरलंय. आत तार हाय." लग्न लागलं, फक्त अंतरपाट धरायला नवऱ्याचा मामा पोचू शकला नाही. तो अजून कांदा शोधत होता.

मुरबाडला पंपाच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करणारा एक वाइंडिंगवाला होता, हुसेनचाचा. आयुष्य तांब्याच्या तारा गुंडाळण्यात गेलेलं. दादाने खडूने जमिनीवर चौकोन काढून दाखवला. चाचा त्या रेघांवरून बोट फिरवत म्हणाला, "ये तो कॉइल है, बालाराम. तारेचे वेढे टाकायचे, त्यातून करंट फिरता ठेवायचा. वर गाडीचा पत्रा आला की करंटची चाल बदलती. ती चाल ओळखणारी पेटी बनवली की काम झालं. वजन नको, उजेड नको, हॉर्न नको."

"आन् म्हैस?"

"म्हशीला पत्रा असतो काय रे?"

दादाने तिथल्या तिथे चाचाचे पाय धरले.

चार महिने पेटी बनत होती. पहिली पेटी रेडिओच्या बातम्या धरायची. दुसरीचा दिवा आपोआप पेटायचा आणि विझायचा नाही. तिसरी मात्र जमली. लोडशेडिंगचे दिवस, म्हणून तिला जीपची जुनी बॅटरी जोडली. अंगण चौकोनी खणून तार पुरली, वर शेण-माती सारवली. चुलीच्या वर लाल दिवा, शेजारी बटण.

चाचणीला सारा गाव हजर. म्हैस नेहमीच्या जागी येऊन उभी राहिली. दिवा ढिम्म. म्हशीने बराच वेळ वाट बघितली आणि अपमान झाल्यासारखी निघून गेली. दूधवाल्याची सायकल मधून नेली, काही नाही. तीच सायकल अगदी तारेच्या रेघेवर धरली तेव्हा दिवा जरा मिचमिचला. "बघा, मोटरसायकलवाल्याचं असं हाय," दादा म्हणाला, "कुठं उभा ऱ्हातो त्यालाच ठाऊक नाय, आन् नाव वजनाचं." मग त्याने जीप वळणापर्यंत मागे नेली आणि हॉर्न न वाजवता, नव्या नवरदेवासारखी, हळूच आणून उभी केली.

आतमध्ये लाल दिवा लख्ख पेटला. वहिनींनी मान वर केली, बटण दाबून दिवा विझवला, तांब्या घेतला आणि दार उघडलं. जगभर लोक लाल दिवा बघून थांबतात. सापगावात तो बघून एक बाई चालायला लागायची.

त्या दिवसापासून दादाने हॉर्नच काढून टाकला. रस्त्यावर लोक चिरडता चिरडता वाचले, पण तो म्हणायचा, "ज्याला कळायचं त्याला कळतं." वहिनी दुपारभर पापड लाटू लागल्या, शेजारणींकडे जाऊ लागल्या. खिडकी रिकामी राहू लागली. दादा भेटेल त्याला सांगे, "आता तिला वाट बघायला लागत नाय."

पाच-सहा वर्षं गेली. दिवाळीच्या सुट्टीत मी उतरत्या दुपारी त्यांच्याकडून नेलेलं सूप परत द्यायला गेलो. खिडकीतून मला बघून वहिनींनी दार उघडलं आणि लगबगीने जाऊन त्या पुन्हा खिडकीशी बसल्या. मांडीवर सुपात निवडायचे तांदूळ, नजर वळणावर. मी चुलीच्या वर बघितलं. दिव्यावर धुराचा थर. पेटीला हात लावून बघितला, थंडगार. भिंतीतून येणारी तार उंदरांनी बोटभर खाऊन टाकलेली.

मी त्यांच्यासमोर जाऊन, ओठ दिसतील असं विचारलं, "वहिनी, हा बंद पडलाय. कधीपासून?"

"गवरी-गणपतीपासनं."

"दादांना सांगतो. हुसेनचाचा एका दिवसात—"

"चाचा गेला ना. आता ती पेटी कोणाला जमतेय?" त्यांनी तांदळातला खडा काढून खिडकीबाहेर टाकला. "सांगू नका, मास्तर. त्यांनी चार म्हयने खपून अंगण खणलंय. मी बसते तीन वाजल्यापासनं. काय होतंय तेवढ्यानं?"

वळणावर जीप दिसली. आवाज माझ्याही कानाला आला नव्हता, पण वहिनी उठल्या होत्या. त्यांनी तांदळाचं सूप कोनाड्यात लपवलं, चुलीजवळ गेल्या आणि मेलेल्या दिव्याचं बटण टक करून बंद केलं. मग तांब्या उचलून, जीप थांबायच्या आत, दारात उभ्या राहिल्या.

दादा उतरला, घटाघटा पाणी प्याला आणि माझ्याकडे बघून मिशीत हसला.

"बघितलंत, मास्तर? शेकंद लागला नाय. अजून कळतंय त्याला."

"कळतंय, दादा," मी म्हणालो. वहिनी माझ्या ओठांकडेच बघत होत्या.