पुढची सीट

इंजिन जागेवर बसलं, चाकं फिरायला लागली, आणि तेव्हा कुठं तुकाच्या ध्यानात आलं की आपली अर्धी गाडी गावात राहायला गेली आहे.

गाडी म्हणजे त्याची जुनी फोरव्हील जीप. पोशेऱ्यात घराला लागून कारवीचा कूड आणि वर पत्रे टाकून त्यानं तिच्यासाठी छप्पर उभारलं होतं. त्याला ‘गॅरेज’ म्हणणारा गावात तो एकटाच. जयवंती म्हणायची, “माझी सवत तिथं राहते. बिचारीला न्हायला डिझेल लागतं.”

एक काळ होता राव! मोखाडा ते सूर्यमाळ चिखलात बैल रुतायचे, पण तुकाची फोरव्हील घुंऽऽ करत वर चढायची. अडलेली बाई, रेशनचं पोतं, नवा मास्तर, सगळे तिच्यातूनच गेले. गाडी भरल्याशिवाय सुटायची नाही, आणि भरली म्हणजे टपावरचा माणूस खाली बघून “आता बास” म्हणेपर्यंत. पुढच्या सीटचा मान गुरुजींचा, नाहीतर बाळंतिणीचा. बायकोचा नंबर काही लागला नाही. अहो, वरातीतसुद्धा पुढं मामा बसले आणि त्यांच्या मांडीवर ढोल. ढोलाला धक्के लागू नयेत म्हणे! नवरी मागं तांदळाच्या पोत्यावर आदळत आली.

“एकदा तुला पुढं बसवून माहेरी, सूर्यमाळला नेईन. आपण दोघंच,” असं तुका तेव्हापासून म्हणत आला होता. गाडी बंद पडली, पोरगी लग्न होऊन सासरी गेली, तरी बोलणं चालूच. शेवटी जयवंतीनं हसायचंही सोडून दिलं. ते तुकाला फार लागलं, आणि गाडी दुरुस्त करायला त्यानं पाने हातात घेतले.

आता प्रश्न होता सुट्या भागांचा; गाडी बंद पडल्यावर गावानं ते एकेक करून वापरायला नेले होते. बॉनेट कान्हाच्या खुराड्यावर होतं. तुका गेला तर आतून कोंबडीनं हरकत घेतली आणि बाहेरून कान्हानं.

“नेतोस तर ने बाबा. पण पयल्या फेरीला मी येणार.”

“अरे, फेरी नाय रं ती...”

“मग काय हाय? गाडी निघाली म्हंजे फेरीच.”

तुकाला ‘बायकोला फिरवायला नेतोय’ असं तोंडानं सांगवेना. या वयात लोक काय म्हणतील! तो “बरं” म्हणाला, आणि तिथंच फसला. ताडपत्री चंदूच्या पेंढ्याच्या उडवीवर होती. चंदू म्हणाला, “आमी चौघं येऊ. पोरांना सूर्यमाळ बघायची हाय.” मागचा बाक ज्याच्या ओट्यावर होता, त्यानं तर सासूलाही निरोप धाडला.

सगळ्यात शेवटी गौराबाई. पुढची सीट तिच्याकडं. गुडघे धरले तेव्हापासून म्हातारी अंगणात त्याच सीटवर बसून गावाचा कारभार बघायची.

“सीट ने लेकरा,” ती मायेनं म्हणाली. “पण मी तिच्यावरच बसून येईन. मना दुसरीवर बसवत नाय.”

तुकानं घरी येऊन ही बातमी हळूच सांगितली. जयवंती भाकरी थापत होती. ती एवढंच म्हणाली, “बसू दे. म्हातारं माणूस.” तव्यावरची भाकरी मात्र करपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जयवंतीनं ठेवणीतलं लुगडं नेसलं, नाचणीची भाकर आणि सुकटीची चटणी बांधून घेतली आणि बाहेर आली. गाडी कधीच भरली होती. चंदूची पोरं टपावर, कान्हा मागं लोंबकळलेला, आणि पुढं गौराबाई पाय पसरून. मागं सरकून घेत कोणीतरी म्हणालं, “ये गं जयवंती, हिकडं पोत्यावर जागा हाय.” तुकाला वाटलं, धरणी फाटावी.

त्यानं चावी फिरवली. चूं नाही की चां नाही. पुन्हा फिरवली. मग उतरला, बॉनेट उघडलं आणि आत डोकं घालून बराच वेळ तसाच राहिला. डोकं वर काढलं तेव्हा जयवंती लांब डोंगराकडं बघत होती.

“काय झालं रं?” कान्हानं विचारलं.

“स्टार्टर बसला,” तुका बॉनेट आपटत म्हणाला. “उतरा समदे. धक्का मारायचा. गौरामावशे, तू पन उतर. वजन होतंय.”

“अगो बाय! माझं वजन?”

कुरकुरत का होईना, सगळे उतरले. तुका स्टिअरिंगवर बसला, आणि सगळ्यांना आठवलं की दुसऱ्या गिअरचा दांडा निसटायचा. तो पुढच्या माणसानं दाबून धरावा लागे. ती खोड तुकाला काही दुरुस्त करता आली नव्हती.

“दांडा कोन धरनार?” चंदू ओरडला.

“मी धरते,” असं म्हणून जयवंती पुढं चढलीसुद्धा.

गावानं जोर लावला. उताराला गाडीनं आचका दिला, काळा धूर ओकला आणि ती धडधडायला लागली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मग बसायला धावले. गाडी काही थांबेना.

“अरे तुका, थांब!”

“थांबलो तर परत बंद पडंल!” तुकानं मान बाहेर काढून सांगितलं. आरशात गौराबाईची काठी हवेत नाचताना दिसली आणि वळणाआड गेली.

वारा आत येत होता. जयवंतीनं एका हातानं दांडा धरला होता. दुसऱ्या हातानं पदराची गाठ सोडली आणि आतला नट तुकासमोर धरला.

“बॅटरीच्या तारेचा हाय. काल तुमी गौराबाईकडनं आलात ना, तवाच काढला.”

“बॉनेट उघडलं तवा बघितलं मी. तार लोंबत होती.”

“मग बोलला नाय ते?”

“कशाला बोलू?” तुका म्हणाला. “वरातीतच बोलायला पायजे होतं, तवा नाय बोललो.”

जयवंतीनं पदर तोंडाला लावला. हसली की रडली, ते तिचं तिला ठाऊक.

सूर्यमाळच्या चढावर एका झाडाखाली एक माणूस पिशवी घेऊन उभा होता. त्यानं हात केला. तुकाचा पाय जन्माच्या सवयीनं आपोआप ब्रेकवर गेला. जयवंती खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर वाकली आणि त्या अख्ख्या रिकाम्या गाडीतून खणखणीत आवाजात ओरडली,

“गाडी भरली हाय!”