गाडी न काढणारे चाचा

आमच्या ऑफिसच्या ड्रायव्हरला गाडी काढायला आवडायचं नाही.

चालवायला आवडायचं, काढायला नाही. सकाळी मोहोळला जायला गाडीच्या मागणीची चिठ्ठी घेऊन खाली गेलं की मेहबूबचाचा कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसलेले असायचे. चष्मा डोक्यावर, चिठ्ठी हातभर लांब. मग तीन प्रश्न यायचे. "कुटं? कशाला? आणि अजून कोण?"

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सगळ्यांकडे असायची. तिसऱ्याला गाडी अडायची.

"एकटीच आहे, चाचा."

"मग बस की जरा. अजून दोघंतिघं जमू दे. मोहोळ कुटं पळून चाललंय?"

मी नेहमी एकटीच असायचे. मागच्या सीटवर एकटीनं बसायचं, कानात इअरफोन घालायचे आणि मोहोळ येईपर्यंत कोणाशी बोलायचं नाही, हे माझ्या नोकरीतलं सगळ्यात मोठं सुख होतं. चाचांनी ते पहिल्याच महिन्यात काढून घेतलं. माझ्या एका बाजूला शीतल, दुसऱ्या बाजूला पाणी तपासायची पेटी. शीतल आमच्याकडे आरोग्याचं काम बघते आणि सात रस्ता ते मोहोळ एकदाही श्वास घेत नाही.

आमची संस्था परदेशातली, संकटात मदत करणारी. मोहोळकडच्या नदीकाठच्या गावांत पूर येऊन गेला, तेव्हा तिनं सोलापुरात सात रस्त्याजवळ ऑफिस थाटलं आणि दारात दोन अवाढव्य पांढऱ्या गाड्या उभ्या केल्या. माझं काम इंग्रजीत अहवाल लिहिणं. ते मला जमतं. अहवाल उलटून काही विचारत नाही.

मग मुख्य कार्यालयाचं पत्र आलं. आपण लोकांना पुरातून काढतो, पण ते करताना विमानं, गाड्या आणि जनरेटर यांचा इतका धूर सोडतो की पुढच्या पुराला आपलाच हातभार लागतो. तर धूर निम्म्यावर आणा. आमच्या ऑफिसचे प्रमुख गायकवाड सर. त्यांनी मला ते मराठीत करून सगळ्यांसमोर वाचायला लावलं. मी कागदाकडे बघत वाचलं. मागून फक्त चाचांचा हात वर आला.

"म्हंजे रिकामी गाडी पळवायची न्हाय, असंच ना?"

"हो. साधारण तसंच."

"हे मी वीस वर्षं सांगतोय. तिकडं आत्ता कळलं व्हय?"

माझा कागद त्यांनी मागून घेतला, नव्या पेठेत जाऊन त्याला प्लास्टिक चढवलं आणि स्टेअरिंगशेजारी लावला. मग कोणी हुज्जत घातली की ते त्यावर टिचकी मारत. "मी न्हाय म्हणत. ताईंनी लिवलंय." आयुष्यात पहिल्यांदाच लोक मला थोडे घाबरू लागले.

गाडी थांबली की इंजिन बंद, इंजिन बंद की एसी बंद. ऑफिसातला जनरेटर सुरू झाला की चाचा जिना चढून वर यायचे आणि कोणाकोणाचे पंखे रिकाम्या खुर्च्यांना वारा घालताहेत ते बघून जायचे. "धूर करायला कारण पायजे," हे त्यांचं वाक्य आम्हाला सगळ्यांना पाठ झालं होतं.

पण त्यांचा खरा विजय चादरींचा. पूरग्रस्तांसाठी पाच हजार चादरी आल्या. परदेशातून मुंबईपर्यंत विमानानं, तिथून ट्रकनं. आमचं गोदाम यंत्रमागाच्या कारखान्याला चिकटून आहे. गठ्ठे उतरवताना भिंतीपलीकडून खटखट ऐकू येत होती. चाचांनी एक चादर उलगडून उजेडात धरली. पातळ, करडी. ते खाली बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

"सर, सोलापुरात चादर विमानानं आणली?"

"वरून ठरलेलं असतं ते, चाचा," सर म्हणाले.

"आता खालून ठरवा की. भिंतीपल्याड हाय."

त्यांनी सरांना हाताला धरून शेजारच्या कारखान्यात नेलं. पुढच्या खेपेच्या चादरी तिथूनच आल्या, आणि त्या गठ्ठ्यांवर बसून शीतल आणि मी मोहोळला गेलो.

काही दिवसांनी धूर कितपत कमी झाला ते तपासायला मुख्य कार्यालयातून एक बाई आल्या. चाचांनी त्यांना भर एप्रिलमध्ये एसी बंद करून गाडीत बसवलं, ओला पंचा दिला आणि मला म्हणाले, "विचार त्यांना. धूर कमी झाला का बघाया विमानानं आल्या व्हय?"

मी इंग्रजीत विचारलं, "प्रवास ठीक झाला ना?"

बाई हसून "छान झाला" म्हणाल्या. चाचांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. "एवढ्या मोठ्या प्रश्नाचं एवढुसं इंग्लिश?"

बाई खूश होऊन गेल्या. मग सरांनी मला अहवाल लिहायला सांगितला. दोन गाड्यांचं काम अर्ध्या गाडीत होत होतं. तेव्हा दोन्ही गाड्या परत द्याव्यात, मोहोळला कर्मचाऱ्यांनी एसटीनं जावं, गरज पडली तरच भाड्यानं गाडी घ्यावी. गाडीच नाही म्हटल्यावर ड्रायव्हरच्या नोकरीची मुदत वाढवायचं कारण उरत नव्हतं. ते वाक्य मी चार वेळा लिहिलं. चारही वेळा ते बरोबर होतं.

चाचांनी ते खाली, झाडाखाली, माझ्याकडून मराठीत वाचून घेतलं. या वेळी मी काही गाळलं नाही.

"चाचा, फेऱ्या थोड्या जास्त केल्या असत्या तर..."

"उगंच? कशाला?" एवढं एकदाच मी त्यांना रागानं बोलताना ऐकलं. मग ते म्हणाले, "बरोबर लिवलंय. रिकामा ड्रायव्हर पण ठिवू न्हाय."

गाड्या न्यायला पुण्याहून दोन ड्रायव्हर आले. चाचांनी आदल्या दिवशी सात रस्त्यावरच्या सगळ्या टपऱ्यांवर विचारून पुण्याला जाणारी नऊ माणसं गोळा करून ठेवली होती. त्यात एक नवरदेव होता. दोन्ही गाड्या गच्च भरून गेल्या. चाचा हात हलवत बराच वेळ फाटकात उभे होते. नंतर खुर्ची उचलून त्यांनी भिंतीला लावली.

सोमवारी मी एसटी स्टँडवर गेले. मोहोळची गाडी लागली आणि दारात झुंबड उडाली. मला रेटारेटी जमत नाही. मी दोन गाड्या तशाच सोडल्या. तिसरी लागली तेव्हा एका खिडकीतून चाचांचा चौकडीचा रुमाल हलला.

"ये की. जागा धरलीय."

मी शेजारी बसले. "तुम्ही कुठे निघालात?"

"मोहोळला."

"काही काम?"

"चहा प्यायचाय."

"सोलापुरात चहा नाही?"

त्यांनी रुमालाची घडी करून खिशात घातली. त्यांची बायको जाऊन सहा वर्षं झालीत आणि मुलगी गुलबर्ग्याला दिलीय, हे मला शीतलकडून कळलेलं होतं. त्यांनी कधी सांगितलं नव्हतं, मी कधी विचारलं नव्हतं.

"एकट्याच्या कपभर चहाला ग्यास पेटवायचा," ते म्हणाले. "धूर करायला कारण पायजे."

मोहोळला उतरून त्यांनी टपरीवर चहा घेतला, मलाही पाजला, माझी पुढची फेरी कधी ते विचारून घेतलं आणि समोर लागलेल्या परतीच्या गाडीत चढले.

गुरुवारी मी पंधरा मिनिटं आधी स्टँडवर गेले. गाडी थांबायच्या आत खिडकीतून एका सीटवर ओढणी टाकली आणि दुसऱ्या सीटवर माझा रुमाल. कोपरं मारत आत शिरले. पिशव्या घेऊन आलेल्या एक मावशी रुमालाकडे बघून म्हणाल्या, "कोण यायचंय का हितं, का उगंच धरून ठिवलीय?"

"यायचेत," मी म्हणाले, नेहमीपेक्षा बऱ्याच मोठ्या आवाजात. "आमचे चाचा यायचेत."