बिऱ्हाड निघालं, जीप निघेना

एवेलियो ओकांपोने त्या शनिवारी सकाळी दूधवाल्याचा ट्रक परत पाठवला, तिथून हे सगळं सुरू झालं. ट्रक रिकामाच डोंगर उतरून पिहाओला निघाला होता. ड्रायव्हर ओळखीचा, मनाने भला. दारात सामानाचा ढीग बघून त्याने गाडी थांबवली आणि विचारलं, टाकू का चार गोष्टी मागे? एवेलियोने हसून हात हलवला आणि म्हणाला, "आपली जीप आहे ना."

हे वाक्य त्याच्या बायकोने, नोहेलियाने, ऐकलं. ती काही बोलली नाही. (एकोणीस वर्षांच्या संसारात एवेलियो एवढं शिकला होता की नोहेलिया बोलते तेव्हा काळजीचं कारण नसतं.)

एवेलियो बुएनाविस्ताच्या नोटरी कचेरीत कारकून होता. लोकांच्या जमिनींच्या, घरांच्या कागदांवर शिक्के मारण्यात त्याची हयात चालली होती आणि स्वतः मात्र दोन खोल्यांत भाड्याने राहत होता. आता नोहेलियाची मावशी ओतिलिया म्हातारपणी कालीला मुलाकडे चालली होती आणि खाली पिहाओतलं तिचं घर नोहेलियाला राहायला देणार होती. मागे अंगण, अंगणात संत्र्याचं झाड. अट एकच. मावशीची बस दुपारी दोनला. त्याआधी येऊन किल्ली घ्या, नाहीतर ती किल्ली मी रामिरोकडे देऊन जाते. रामिरो मावशीच्या नवऱ्याचा पुतण्या. त्याला त्या घरात बिलियर्डचा अड्डा काढायचा होता आणि टेबलांची मापं तो आधीच घेऊन गेला होता.

जीप एवेलियोला त्याच्या काकाकडून मिळालेली. ती एवेलियोच्या आईच्या वयाची होती आणि आईसारखीच सकाळी उठायला कुरकुरायची. पण त्या डोंगरात बिऱ्हाड हलवायचं ते जीपमधूनच, अशी पद्धत. चार शेजाऱ्यांनी मिळून सामान चढवलं. पलंग, कपाट, शेगडी, शिवणयंत्र, केळीचे दोन घड, पाय बांधलेल्या तीन कोंबड्या. पुढच्या बॉनेटवर गादीची वळकटी दोरीने आवळली आणि तिच्यावर येशूच्या पवित्र हृदयाची मोठी तसबीर बांधली. सगळ्यात वर, मागच्या बाजूला तोंड करून, वेताची आरामखुर्ची. त्या खुर्चीत सासूबाई, डोन्या बेत्साबे.

डोन्या बेत्साबेंना वर चढवायला चार माणसं आणि एक शिडी लागली. बसल्यावर त्यांनी मांडीवर पाकीट ठेवलं, डोक्याला रुमाल बांधला आणि जाहीर केलं की आता आपण उतरू त्या नव्या घराच्या दारात, मध्ये कुठेही नाही.

एवेलियो चाकामागे बसला. शेजाऱ्यांकडे बघून त्याने टोपी काढली, किल्ली फिरवली आणि पायाखालचं स्टार्टरचं बटण दाबलं.

टक्.

एवढंच. त्याने पुन्हा दाबलं. टक्. मग त्याने चोक पूर्ण बाहेर ओढला, अॅक्सिलरेटर दहा-अकरा वेळा दाबला (एखाद्या आजाऱ्याला उठवताना आपण उशी थोपटतो तसा) आणि पुन्हा बटण दाबलं. टक्. शेजाऱ्यांपैकी एकाला आठवलं की दुकान उघडायचंय. दुसराही गेला.

एवेलियो घाबरला नाही. कारकुनी डोक्याचा माणूस. फाइल अडली की वरचा कागद आधी बघायचा, तसं त्याने ठरवलं, आधी बॅटरी. पण बॅटरी बॉनेटखाली आणि बॉनेटवर गादी, गादीवर पवित्र हृदय. दोऱ्या सोडायला पाऊण तास गेला, कारण गाठी त्यानेच मारल्या होत्या आणि घाटात सुटू नयेत म्हणून मन लावून मारल्या होत्या. गादी फुटपाथवर आली. तसबीर भिंतीला टेकली. बॉनेट उघडलं तर बॅटरीच्या टोकाची पट्टी सैल. एवेलियोने ती गरम पाण्याने धुतली, घट्ट पिळली आणि बटण दाबलं. घर्र, घर्र, घर्र. इंजिन फिरलं. पेट मात्र घेईना.

"आवाज आला की," वरून डोन्या बेत्साबे म्हणाल्या. "निघालो का?"

निघालो नव्हतो. तेवढ्यात समोरच्या कॉफीच्या दुकानातून डॉन आर्सेसियो कप हातात घेऊन रस्ता ओलांडून आले. चाळीस वर्षं घाटात जीप चालवून निवृत्त झालेला माणूस. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. मग म्हणाले की इंजिनाला दोनच गोष्टी लागतात, ठिणगी आणि पेट्रोल. यातलं काय नाही ते शोध. आणि ते गादीवर बसले.

ठिणगी बघायची म्हणून एवेलियोने एक प्लग काढला, तारेला जोडला आणि इंजिनाच्या लोखंडाला टेकवून धरला. स्टार्टरवर पाय ठेवायला नोहेलियाला बसवलं. मी म्हणेन तेव्हाच दाब, असं तिला दोनदा बजावलं. मग प्लग हातातून घसरला, तार उघडी पडली आणि ती नीट धरायला तो वाकला.

"थांब," तो ओरडला.

बॉनेटच्या आडून नोहेलियाला ऐकू आलं, दाब. तिने दाबलं.

ठिणगी होती. अगदी जोरकस होती. ती एवेलियोच्या बोटातून शिरली, कोपरातून गेली आणि दाढेतून बाहेर पडली. टोपी केळ्यांच्या घडावर जाऊन बसली. डॉन आर्सेसियोंनी कॉफीचा घोट घेतला आणि शांतपणे सांगितलं, ठिणगीची शंका फिटली, आता पेट्रोल बघ.

नोहेलियाने फक्त एवढंच विचारलं की तुम्हाला लागलं का. नोहेलिया एरवी त्याला अरे-तुरे करायची. 'तुम्ही' म्हणाली की समजावं, पाणी गळ्यापर्यंत आलंय.

पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या बैठकीखाली. काठी बुडवून बघितली, टाकी अर्धी भरलेली. म्हणजे पेट्रोल आहे पण पोचत नसेल. एवेलियोने पंपाकडे येणारी नळी काढली, तोंडात धरली आणि जोरात ओढलं. पेट्रोल पोचत होतं. तेही नको इतकं पोचलं. पुढची दहा मिनिटं तो गटाराशी वाकून होता. नोहेलियाने त्याला गुळाचं गरम पाणी दिलं आणि डॉन आर्सेसियोंनी ओठातली सिगारेट विझवून रस्त्याची पलीकडची बाजू धरली. ते म्हणाले, आज या माणसाच्या जवळपास काडी ओढायची नाही.

साडेबारा झाले. ही गोष्ट मोबाइल यायच्या आधीची. मावशीला थांब म्हणून सांगायचा काही मार्ग नव्हता. टेलिफोन कचेरी शनिवारी बाराला बंद व्हायची.

यानंतर एवेलियोने जे केलं ते सगळं क्रमाने सांगण्यात अर्थ नाही. त्याने उरलेले तीन प्लग काढले, पुसले आणि परत लावले. चोक ओढला, ढकलला, पुन्हा ओढला. कार्ब्युरेटरवर पान्याने हलकेच ठोकलं, मग जरा जोरात ठोकलं, मग त्याच्याशी बोलला. प्रत्येक उपायानंतर बटण दाबायचं आणि प्रत्येक वेळी ते घर्र, घर्र जरा जास्त दमलेलं यायचं. अखेरीस ते टक् वर येऊन थांबलं. सकाळी होतं तिथेच. फरक एवढाच की आता एवेलियो डोक्यापासून पायापर्यंत काळा होता आणि चौकातली निम्मी वस्ती बाकांवर बसून बघत होती.

वर डोन्या बेत्साबेंना भूक लागली. त्यांना मक्याची भाकरी आणि चीज केरसुणीच्या टोकाला पिशवी बांधून पोचवण्यात आलं. खाली उतरा म्हटलं तर त्या ऐकेनात. त्यांचं म्हणणं असं की आपण जुनं घर सोडून बसलोय, पुन्हा त्याच रस्त्यावर पाय टेकणं अशुभ.

एवेलियो फुटपाथवर एका उपड्या पातेल्यावर बसला. त्याला आता इंजिन दिसत नव्हतं. त्याला संत्र्याचं झाड दिसत होतं आणि झाडाखाली बिलियर्ड खेळणारी माणसं दिसत होती. नोहेलियाने गेले तीन आठवडे त्या अंगणाबद्दल एकदाच काय ते म्हटलं होतं, की तिथे कपडे उन्हात वाळतील. या दोन खोल्यांत एकोणीस वर्षं कपडे स्वैपाकघरात वाळत आले. दर पावसाळ्यात त्याच्या कचेरीच्या सदऱ्याला तळलेल्या केळ्याचा वास यायचा आणि ती त्याबद्दल कधी कुरकुरली नाही. एवेलियोला रडू आलं. ते पेट्रोलमुळे आहे असं त्याने दाखवलं.

नोहेलिया त्याच्या शेजारी दुसऱ्या पातेल्यावर बसली.

"दूधवाल्याचा ट्रक," तो म्हणाला.

"गेला तो."

"मी पाठवला."

"हो," ती म्हणाली, आणि पदराने पुसावं तसं आपल्या ॲप्रनच्या कोपऱ्याने त्याच्या नाकावरचं काळं पुसू लागली. ते जास्तच पसरलं. "तुला त्या जीपचा अभिमान आहे ना. असू दे की. पण तू तिला हात लावणं थांबव."

ती पुन्हा अरे-तुरेवर आली होती. एवेलियोला वाटलं, घर गेलं तरी चालेल. (हे त्याने बोलून दाखवलं नाही. तेवढी अक्कल शिल्लक होती.)

मग डॉन आर्सेसियो उठले. इतका वेळ त्यांनी स्वतः हात का लावला नाही, असं एवेलियोने विचारलं, तर म्हणाले, मला कोणी विचारलंच नव्हतं. त्यांनी प्लग हुंगले, चोक आत ढकलला आणि निदान सांगितलं.

"हे बघ पोरा, बॅटरीची पट्टी सैल होती, तो एक बिघाड. तो तू दुरुस्त केलास, चांगला केलास. त्यानंतरचे सगळे तू केलेस. इंजिनात इतकं पेट्रोल ओतलंयस की ते बुडालंय आणि बॅटरी मारून टाकलीस. आता ढकलल्याशिवाय गत्यंतर नाही."

रस्ता चौकापासूनच उताराचा होता. प्रश्न एवढाच की चाकामागे कोण. एवेलियो हात पुसत पुढे आला. डॉन आर्सेसियोंनी त्याला थांबवलं. मला हर्नियामुळे डॉक्टरांनी जोर लावायला मनाई केलीय, तेव्हा मी चालवतो, तू ढकल. शिवाय उतारावर गिअर नेमका कधी टाकायचा, हे हाताला कळावं लागतं. तुझ्या हातांचं आपण सकाळपासून बघतोय. नोहेलिया त्यांच्या शेजारी बसली. एवेलियो आणि बाकांवरून उठून आलेले पाच जण मागे लागले. एवेलियोचं तोंड कपाटाला आणि बरोबर डोक्यावर डोन्या बेत्साबेंच्या चपला.

जीप हलली. रांगली. चालायला लागली. एवेलियो धावायला लागला. डॉन आर्सेसियोंनी गिअर टाकला, गाडीने गचका खाल्ला, काळ्या धुराचा लोट थेट एवेलियोच्या तोंडावर सोडला आणि इंजिन पेटलं. चौकात टाळ्या झाल्या. एवेलियो दोन्ही हात वर करून हसत उभा राहिला. मग त्याच्या लक्षात आलं की जीप थांबत नाहीये.

त्याने हाक मारली. नोहेलियाने बाहेर डोकं काढून काहीतरी सांगितलं. वाऱ्यात त्यातले दोनच शब्द पोचले, बंद पडेल. डोन्या बेत्साबेंचं तोंड मागेच होतं. त्यांनी जावयाकडे बघत सावकाश हवेत क्रूसाची खूण करून आशीर्वाद दिला आणि त्या वळणाआड गेल्या. घाट नागमोडी असल्यामुळे त्या आणखी तीनदा दिसल्या, प्रत्येक वेळी खालच्या वळणावर, आधीपेक्षा लहान, आणि प्रत्येक वेळी हात हलवत.

गादी आणि तसबीर मागेच राहिली होती. गादी कॉफीच्या दुकानात ठेवून एवेलियोने पवित्र हृदयाची तसबीर पाठीला बांधली आणि कॉफीच्या मळ्यांतून पायवाट धरली. वाटेत दोन म्हाताऱ्यांनी त्याला बघितलं. काळाकुट्ट, लंगडत चाललेला, पाठीवर येशू. हा कुठलं तरी कडक व्रत फेडतोय असं समजून त्या जपमाळ काढून त्याच्या मागून चालू लागल्या. त्यांना खरं सांगण्याइतकं त्राण त्याच्यात नव्हतं. पिहाओच्या वेशीपर्यंत ते तिघे असे गेले.

किल्ली मिळाली होती. कशी, ते त्याला नंतर कळलं. जीप चौकात शिरली तेव्हा मावशी ओतिलिया बसमध्ये चढून बसली होती आणि खिडकीखाली रामिरो हात पसरून उभा होता. डॉन आर्सेसियोंना थांबता येईना, म्हणून ते बसच्या अगदी कडेने रांगत गेले. डोन्या बेत्साबेंची खुर्ची नेमकी खिडकीच्या उंचीला आली. दोघी बहिणींनी एकमेकींच्या गालाचा मुका घेतला, किल्ली या हातातून त्या हातात गेली, आणि रामिरोला वर बघेपर्यंत काही समजलं नाही.

एवेलियो गल्लीत पोचला तेव्हा साडेचार वाजले होते. आतून हसण्याचे, ताटांचे आवाज येत होते. सामान उतरून झालं होतं. संत्र्याच्या झाडाला दोरी बांधलेली होती आणि तिच्यावर नोहेलियाचा ॲप्रन वाळत होता. आपल्यालाही या घरासाठी काहीतरी करायला हवं, असं एवेलियोला मनापासून वाटलं.

आणि तेवढ्यात त्याला दिसलं की रिकामी जीप दारात धडधडत उभी आहे. अडीच तासांहून जास्त वेळ पेट्रोल फुकट जळतंय, कोणाच्या लक्षातच नाही. त्याने तसबीर उतरवून भिंतीशी ठेवली, आत हात घातला आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

घरातलं हसणं थांबलं. हात पुसत डॉन आर्सेसियो दारात आले, त्यांच्या मागे नोहेलिया. एवेलियोला आणायला वर जायचं म्हणून त्यांनी आत्ताच टोपी घातली होती. डॉन आर्सेसियोंनी जीपकडे बघितलं, मग सपाट गल्लीकडे बघितलं, इकडून तिकडे, जिच्यात पाण्याचा थेंबही कुठल्या बाजूला जावं याचा विचार करत थांबला असता.

त्या अख्ख्या दिवसात जीपने एवेलियोचं ऐकलं ते एवढं एकदाच.