आखाजीच्या आत पूल

बोदवडच्या जीवराम नानांची आगगाडी दोन वर्षं झाली तरी पूर्ण फेरी मारत नव्हती, कारण वाटेत गच्चीचं दार होतं. वरच्या खोलीत चारही भिंतींना छातीइतक्या उंचीवर फळ्या ठोकून नानांनी खेळण्यातले रूळ टाकले होते. गाडी दारापर्यंत ऐटीत यायची आणि तिथून उलटी जायची. लेक रूपाली आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली की विचारायची, "नाना, अजून मागंच येते का हो?" ते नानांना फार लागायचं. तीस वर्षं रेल्वेचे पूल दुरुस्त केलेल्या माणसाला घरातली अडीच फुटांची फट ओलांडता येऊ नये, म्हणजे कमालच.

यंदा त्यांनी पूल स्वतःच घडवला. होळीपासून खपून, तेलाच्या डब्यांचा पत्रा कापून, रिव्हेटच्या जागी टाचण्यांची डोकी बसवून. तो बसवायचा नकाशा तर सात वेळा काढला. पुलाखालून सगळ्यात उंच काय जाणार, हे आधी ठरवावं लागतं. इथे ती बायको होती. धुरपदाबाईंना भिंतीशी उभं करून नानांनी माप घेतलं आणि जाता-येता थोडं वाकावं लागेल असं कळवलं. आपण आजवर कुणापुढे वाकलो नाही, हे त्यांनी ऐकवलं. नानांनी ते नकाशात धरलं नाही.

चूक मात्र वेगळीच झाली. खानदेशातल्या उन्हाळ्यात दुपारी गच्चीचं दार कोण उघडं ठेवणार? सगळी मापं बंद दाराची. दार आत उघडतं हे नानांना माहीत होतं, नकाशाला नव्हतं.

रूपाली यायच्या दिवशी चार वाजता धुरपदाबाई वाळलेले बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, गोळा करायला गच्चीवर गेल्या आणि झळ नको म्हणून दार ओढून घेतलं. नानांना तेवढीच सवड हवी होती. त्यांनी आठ स्क्रू पिळले आणि वरून दोन ट्यूबांचा चिकटवायचा मसाला कालवून थापला. पूल एकदा बसला की शंभर वर्षं हलता कामा नये, ही त्यांची नोकरीतली शिस्त.

पंधरा मिनिटांनी दार चार बोटं उघडलं आणि पुलावर आदळलं. पूल जागचा हलला नाही, त्यामुळे नानांना आधी आनंदच झाला.

"अहो, दार काहून अडलं?"

नानांनी काय झालं ते सांगितलं. मग खिडकीच्या गजांमागे धुरपदाबाई दिसल्या. त्यांनी पूल पाहिला, नानांना पाहिलं आणि निघून गेल्या.

नानांनी स्क्रू काढले. मसाला सुटेना. बिजागऱ्या काढाव्या, तर त्यांचे स्क्रू दार उघडल्याशिवाय दिसत नव्हते. राहिली पत्रा कापायची करवत. ती पुलावर टेकवून नाना नुसतेच उभे राहिले. रूपालीला यायला तासच उरला होता आणि बायको बाहेर उन्हात होती. मन घट्ट करून त्यांनी करवत ओढली, तोच खिडकीतून आवाज आला.

"थांबा. पोरगी येऊ ऱ्हायली. तिले एक चक्कर पाहू द्या, मंग कापा."

नानांना भरून आलं. चाळीस वर्षांत या बाईची किंमत आपल्याला कळलीच नाही, असं त्यांना मनापासून वाटलं.

रूपाली आली आणि बॅग न ठेवताच वर आली. गाडी निघाली. खिडकीखालून गेली, पुलावर चढली, पत्रा खडखडला आणि गाडी वळून सरळ समोरून आली.

"आली की फिरून, नाना," रूपाली म्हणाली. नानांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि करवत उचलली.

"दोन तास तुले उन्हात ठेवलं," ते खिडकीकडे बघून म्हणाले.

"कायचं ऊन? मी कवाच शेजारच्या कोकिळाच्या गच्चीवर उतरली. तिच्या घरी पंख्याखाली बसली, चहा पेली, आन् आता परत आली."

"मंग खालून घरात काहून नही आली?"

"घरात आली असती तं तुम्ही पूल कापला असता का? जनमभर मले कोकिळाच्या घरातूनच गच्चीवर धाडलं असतं."

असं कसं म्हणतेस, असं काहीतरी नाना पुटपुटले. तेवढ्यात रूपालीनं फळीवरचा कागद उचलला. शाई अजून ओली होती. आठवा नकाशा. त्यात कोकिळाचं घर होतं, तिचा जिना होता, दोन गच्च्यांमधल्या कठड्याची उंची होती आणि बाणाशेजारी स्वच्छ अक्षरांत लिहिलं होतं : धुरपदा, जाण्या-येण्याचा मार्ग.

नानांनी मान खाली घालून कापायला सुरुवात केली.