थावराकाकांचा लिंब

थावराकाकांनी मला पहिल्यांदा बसायला सांगितलं ते एका लिंबाच्या सावलीत, आणि तिथं लिंब नव्हता.

माझी बदली तांड्यावरच्या शाळेत नुकतीच झाली होती. उन्हाळ्याची सकाळची शाळा सुटली की गायरानाचा उघडा माळ तुडवत फाट्यावर जायचं आणि कळमनुरीची जीप धरायची. त्या माळाच्या मधोमध, रणरणत्या उन्हात, लाल पागोट्याचा एक सत्तरीचा माणूस मांडी घालून निवांत बसला होता. मला पाहून तो जरा बाजूला सरकला.

"काहून उन्हात चालून राहिले? बसा सावलीत, गुरुजी."

मी वर पाहिलं. आभाळ होतं.

"कशाच्या सावलीत, काका?"

"लिंबाच्या. लावायचा हाय अजून. पण जागा बराबर हीच."

मी बसलो. का बसलो, ते अजून सांगता येत नाही. थोड्या वेळानं वारा आला. गार वाटलं असं मी म्हणणार नाही, पण उठावंसं वाटेना. त्या दिवशी माझी जीप चुकली.

पुढं सवय झाली. काकांच्या मनात तो सगळा माळ झाडांनी भरलेला होता. "इथून नका जाऊ, चिंच हाय," म्हणून ते मला मोकळ्या जमिनीवर वळसा घालायला लावत. आधी मला हसू यायचं. मग लक्षात आलं, पायवाटच तिथं वळलेली होती. डोक्यावर हंडे घेतलेल्या बायासुद्धा त्या नसलेल्या चिंचेला वळसा घालून जायच्या. दुपारी काका डोळे मिटून पडायचे आणि मध्येच म्हणायचे, "करंजाचा आवाज जड. लिंबाचा हलका. ऐका." मीही डोळे मिटायचो. कधी कधी ऐकू आल्यासारखं वाटायचं.

अशात माझ्या मोबाईलवर एका संस्थेची माहिती आली. हवामानबदलावर गावातल्या लोकांनीच काही काम करायचं ठरवलं, तर त्याला छोटं अनुदान मिळणार होतं. मी काकांना हवामानबदल म्हणजे काय ते चांगली दहा मिनिटं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे सावली गेली. तेच ना? मग तसं लिवा की सरळ."

अर्ज भरायला आम्हाला तीन दिवस लागले. 'लाभार्थी' या रकान्यात त्यांनी पाणी आणणाऱ्या बाया, जीपची वाट पाहणारे, शेळ्या, होले आणि साळुंक्या सांगितल्या. मग माझ्याकडं पाहून म्हणाले, "आन् तुमी. तुमाला ऊन लई लागते." कामाचा कालावधी एक वर्ष आहे हे वाचून दाखवलं, तेव्हा ते बराच वेळ हसत राहिले. "वर्षात लिंब नीट उभाबी राहत न्हाई, गुरुजी."

पाहणीला संस्थेच्या एक तरुण मॅडम आल्या. हातात कागद, डोक्यावर ओढणी. काकांनी त्यांना माळ दाखवायला सुरुवात केली. हा आंबा, हे जांभूळ, ही सीताफळाची रांग. मॅडम लिहून घेत होत्या. एका ठिकाणी काका थांबले.

"जरा वाकून या, मॅडम. फांदी खाली हाय."

आणि मॅडम वाकल्या. वाकून पलीकडं गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं आणि त्या काकांकडं पाहतच राहिल्या. अनुदान मंजूर झालं ते माझ्या अर्जामुळं नव्हे, एवढं मला पक्कं माहीत आहे.

पाऊसकाळात तांडा माळावर उतरला. खड्डे झाले, रोपं लागली, भोवती काट्यांचं कुंपण झालं. पाण्याची टाकी आली. थावराकाका नुसते हिंडत होते आणि प्रत्येक खड्ड्यापाशी म्हणत होते, "जागा बराबर हीच."

दिवाळी झाली आणि तांडा ऊसतोडीला निघाला. दरवर्षी निघतो. ट्रक भरले, भांडीकुंडी, कोंबड्या, लेकरं, सगळं गेलं. घरांना कुलुपं लागली. मागं राहिली पाच-सहा म्हातारी माणसं, शाळेत टिकलेली थोडी पोरं, आणि काका. टाकीतलं पाणी कळशीनं नेऊन ते एकटेच रोपांना घालू लागले.

तेवढ्यात संस्थेच्या कार्यालयातून निरोप आला: काम लोकांचं आहे, तर लोकांच्या बैठकीचा फोटो पाठवा, नाहीतर पुढचा हप्ता थांबेल. माझी झोप उडाली. रोपांना अजून दोन उन्हाळे काढायचे होते आणि लोक तर कर्नाटकात ऊस तोडत होते.

काकांना काही चिंता नव्हती. "बैठक घेऊ," म्हणाले. बैठकीला तीन म्हाताऱ्या आल्या आणि एक शेळी. फोटोत शेळीच स्पष्ट आली. तो पाठवायची मला हिंमत झाली नाही.

दुसरा फोटो काढावा म्हणून मी एका सकाळी शाळेच्या बऱ्याच आधी तांड्यावर पोचलो. धुकं होतं. कुलूपबंद घरांच्या ओळीतून झाडूचा आवाज येत होता. पाहतो तर काका. एकेका बंद घराचं अंगण झाडत पुढं सरकत होते. वाऱ्यानं आलेलं सोयाबीनचं भुसकट, पिशव्या, काटक्या गोळा करत होते. मागं झाडून झालेली वीसेक अंगणं स्वच्छ पडली होती.

"रोज झाडता?"

"व्हय. कचरा साचला का घर मेल्यावानी दिसते. लेकरं येतील, पाहतील. त्यायला वाटू न्हाई, आपली कोणी वाट पाहून राहिलं न्हाई म्हून."

मी फोटो काढला नाही. त्या रात्री मॅडमना लांबलचक पत्र लिहिलं. लोक कुठं आहेत, का गेलेत, आणि त्यांच्या मागं त्यांची अंगणं कोण झाडतं, ते सगळं. हप्ता वेळेवर आला. पण मला सांगायचं आहे ते त्या सकाळचंच.

ओळीतलं शेवटचं घर काकांचं होतं. तिथं आल्यावर त्यांनी झाडू भिंतीला टेकवला. त्या अंगणात घोट्याएवढं भुसकट साचलं होतं.

"हे राहिलं की, काका."

"हे राहू द्या." ते ओट्यावर बसले. "माझं पोरगं पुण्याला हाय. लई वर्सं झाली. इथं कोण येऊन राहिलं?"

मी पिशवी ओट्यावर ठेवली आणि झाडू घेतला. गुरुजींना झाडताना पाहून ते आधी अवघडले, नको नको म्हणाले, मग पाहू लागले. धुकं विरत होतं. मी अंगण दारापासून वाटेपर्यंत झाडत आणलं, आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिलो.

"त्या कोपऱ्यात राहिलं, गुरुजी," काका हळूच म्हणाले.