गुड्रूनबाईंचं गवत

शनिवारचं शूटिंग आटोपून मंडळी गेली आणि लाइपझिगच्या आमच्या बागवसाहतीचे, म्हणजे सभासदांना भाड्याने बागा देणाऱ्या संस्थेचे, अध्यक्ष एकेहार्ड झोखे डोकं धरून बसले. ‘कुंपणापलीकडे’ ही मुलांची मालिका घरोघरी बघतात, आणि तिच्यासाठी त्या लोकांना बाग आवडावी ती नेमकी गुड्रूनबाईंची! छातीएवढं गवत, वाटेल तसं माजलेलं कुंपण आणि भाजीच्या नावाने एक चुकार कांदा. ही बाग बाईंकडून काढून घ्यावी, असा ठराव झोखे उन्हाळ्यातल्या सभेत मांडणारच होते. नवरा गेल्यापासून बाईंचा जीव त्या बागेतच रमायचा, पण गवत किती, कुंपण किती, भाजी किती, सगळ्याला नियम; आणि नियम म्हणजे नियम.

“अख्खा देश म्हणेल, यांच्याकडे साधी कात्री नाही,” झोखे बायकोला म्हणाले.

“दिग्दर्शिकाबाईंना तर आवडली की.”

“सभ्य आहेत त्या. तोंडावर कोण बोलतंय?”

रविवारी गुड्रूनबाई बहिणीकडे गेलेल्या बघून झोख्यांनी सभासद गोळा केले. रविवारी यंत्राचा आवाज करायचा नाही, हाही नियमच. तेव्हा सगळ्यांनी गुडघे टेकून हातकात्र्यांनी गवत कापलं. कुणी मोठ्याने शिंकलंसुद्धा नाही. शेवटी झोख्यांनी स्वतःच्या बागेतले लाल टोपीवाले मातीचे बुटके पुतळे आणून हिरवळीवर उभे केले आणि समाधानाने घरी गेले.

सोमवारी दिग्दर्शिका इम्के फाटकातच थबकली.

“जंगल कुठे गेलं?”

“साफ केलं,” झोखे छाती फुगवून म्हणाले. “आभार वगैरे काही नकोत.”

“अहो, शनिवारी आमची नायिका त्या गवतात लपलीय. आज ती सापडायची होती. आता काय या बुटक्याच्या मागून काढू तिला?”

बहिणीकडून परतलेल्या गुड्रूनबाई खाली पडलेली गवताची एक काडी उचलून बोटांत फिरवत राहिल्या. झोख्यांना एकदम ओशाळल्यासारखं झालं.

“गवत वाढेपर्यंत थांबते मी,” इम्के म्हणाली. “पण पुन्हा कात्री लागली, तर दुसऱ्या गावी जाऊन सगळं नव्याने करीन. मग शनिवारचं झालेलं शूटिंग रद्द.”

झोख्यांचा चेहरा उतरला. शनिवारी नायिकेला शोधणाऱ्या मुलांत त्यांची नात एन्या होती. ‘इथे नाहीये ती’ एवढं एकच वाक्य तिच्या वाट्याला आलं होतं, आणि ते तिने अख्ख्या शाळेला म्हणून दाखवलं होतं.

मग काय विचारता! झोखे सकाळ-संध्याकाळ झारी घेऊन गुड्रूनबाईंच्या गवताला पाणी घालू लागले. कुणी कात्री घेऊन नुसतं जवळून गेलं तरी त्याच्या मागे जायचे. सभेत एकाने बाईंच्या कुंपणाचा विषय काढला.

“त्या कुंपणाला हात लावाल तर गाठ माझ्याशी आहे,” अध्यक्ष गरजले.

ठराव तिथेच बारगळला. बाग राहिली म्हणून गुड्रूनबाईंनी डोळे पुसत सगळ्यांना कॉफी पाजली.

उन्हाळा सरता सरता नायिका गवतात सापडली आणि एन्याचं वाक्यही वाचलं. पुढच्या वर्षी आणखी एक बाग लागेल असं इम्के म्हणाली, तेव्हा झोख्यांनी लगबगीने स्वतःची दाखवली. इम्केने आलुबुखाराचा केक खाल्ला, केकची तारीफ केली, “फारच नीटनेटकी आहे हो,” म्हणाली आणि निघून गेली.

संध्याकाळी उरलेला केक घेऊन झोखे गुड्रूनबाईंच्या फाटकाशी आले.

“एक विचारू? कसं जमवता हो हे तुम्ही?”

“काही करायचंच नाही, अध्यक्षसाहेब. हाताची घडी घालून बसायचं.”

झोखे खिशातली कात्री चाचपत हळूच म्हणाले, “ते कळलं. पण सुरुवात कशाने करायची?”