लाल खडूतला हात

शुक्रवारी सकाळी वाळूचं वादळ शमलं, आणि दुबईच्या करामा भागातल्या फ्लॅटमध्ये सुजीत फडकं घेऊन उठला. सगळीकडे तांबूस धूळ होती. जेवणाच्या टेबलावर साहेबानं दिलेलं जुनं चित्र होतं, त्याच्यावरही. सुजीतनं टिश्यू घेतला आणि चित्र स्वच्छ पुसलं.

टिश्यू लालभडक झाला. चित्रातल्या माणसाचा उजवा हात कोपरापासून नाहीसा झाला होता.

"सुचित्रा!"

ती स्वयंपाकघरातून आली. "अहो, ही धूळ नव्हती. लाल खडूतलंच चित्र आहे हे. तीनशे वर्षांचं."

चित्र सुजीतच्या इटालियन साहेबाचं. घर बदलताना त्याच्या फ्रेमची काच फुटली होती. करामात फ्रेमवाले आहेत म्हणून साहेबानं ते विश्वासानं सुजीतकडे दिलं होतं.

"खलास! नोकरी गेली, व्हिसा गेला," सुजीत खुर्चीत कोसळला. "एवढ्या भारी चित्राला साधा पक्का रंग लावता आला नाही त्यांना?"

"चर्चच्या छतावर मोठी चित्रं रंगवायची असली, की आधी असा जिवंत माणूस समोर बसवून चित्रकार खडूनं सरावाचं चित्र काढायचे. पाठ कशी पिळलीय बघा. त्या काळी सरळ बसलेला माणूस त्यांना चालायचाच नाही."

"तू काढशील हात?"

सुचित्रा मुंबईला चित्रकला शिकलेली. लग्नानंतर 'घरात पसारा नको' म्हणून तिचे रंग सुजीतनंच माळ्यावर टाकले होते, आणि दुबईला येताना ते माळ्यावरच राहिले. तिनं चित्र उजेडाकडे धरलं. मग म्हणाली, "खडू आणा. आणि शर्ट काढून स्टुलावर बसा."

"मी?"

"समोर हात नको का?"

संध्याकाळी सुजीत उघडा, पाठ पिळून, हात वर करून बसला. त्यांची मुलगी आभा खोलीत डोकावली. "बाबा, व्हाय आर यू नॉट वेअरिंग अ शर्ट?"

"गो अँड स्टडी!"

"हलू नका," सुचित्रा म्हणाली. लग्नाच्या आठ वर्षांत पहिल्यांदाच तो तिच्या सांगण्यावरून गप्प बसला होता. तिची बोटं लाल झाली होती आणि ती मधूनच हसत होती.

काम झाल्यावर उरलेले खडू सुजीतनं कचऱ्यात टाकले. "पुरावा कशाला ठेवायचा?"

पुढच्या महिन्यात साहेबाकडे पार्टी होती. लंडनहून आलेला एक जाणकार नव्या फ्रेममधल्या त्या चित्रासमोर बराच वेळ उभा राहिला. "बाकीचं काम शिष्याचं दिसतं," तो म्हणाला, "पण हा हात गुरूचा आहे." साहेब हरखला. त्यानं सुचित्राला विचारलं, "तुम्हाला चित्रांची आवड आहे?"

"नो, नो, सर," सुजीतच बोलला. "ओन्ली हाउसवाइफ. दिवाळीला रांगोळी काढते, बस."

गाडीत सुचित्रा खिडकीबाहेर बघत होती.

"रागावलीस? अगं, सांगितलं असतं तर नोकरी गेली असती."

"बरोबर आहे तुमचं."

सिग्नलला गाडी थांबली. सुजीतनं बाही वर सारली आणि स्वतःचा हात दिव्याकडे वळवून न्याहाळला.

"पण काही म्हण, गुरूचा हात म्हणाला तो! शेवटी हात कुणाचा होता?"

दुसऱ्या दिवशी तो हाफ शर्ट घालून ऑफिसला गेला.